शब्दचर्चा: सागरी बर्फाची ‘व्याप्ती’ आणि ‘क्षेत्रफळ’ एकच का?

मंजिरी: उपग्रहांवरून ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाची मोजणी कशी होते, यावर मराठीत एक टिपण करायचं आहे. ‘सी आइस एक्स्टेंट’ आणि ‘सी आइस एरिया’ या दोन्हींना बातम्यांत सरसकट ‘क्षेत्रफळ’ म्हटलेलं दिसतं. ते चालेल का? ‘कॉन्सन्ट्रेशन’ला कोशात ‘एकाग्रता’ मिळतं, ते इथे अजिबात बसत नाही. शिवाय ‘फ्लो’ला, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सागरी बर्फाच्या सुट्या तुकड्याला, हिमनग म्हणावं का, आणि ‘फ्रीबोर्ड’चं काय करावं?

अनंत व.: मंजिरीताई, पहिल्या दोन्हींना एकच शब्द मुळीच चालणार नाही. ते दोन वेगळे आकडे आहेत आणि वेगळ्या रीतीने काढतात.

समुद्राचा नकाशा 25 किमी × 25 किमी चौकटींत विभागतात, म्हणजे एक चौकट 625 चौ. किमीची. प्रत्येक चौकटीत किती टक्के पाणी बर्फाने झाकलंय, ते उपग्रहाच्या नोंदीवरून ठरतं. हेच ‘कॉन्सन्ट्रेशन’. ‘संहती’ हा शब्द द्रावणासाठी रूढ आहे, तो तिथेच असू द्या. इथे ‘बर्फाचं प्रमाण’ किंवा ‘बर्फाची टक्केवारी’ लिहा, काम भागतं.

आता चार चौकटी घ्या: 100, 60, 20 आणि 10 टक्के. 15 टक्क्यांच्या खालची चौकट सोडून द्यायची, असा सर्वसाधारण संकेत आहे. उरलेल्या तीन चौकटी पूर्ण धरल्या की 1,875 चौ. किमी, ही झाली व्याप्ती. प्रत्येक चौकटीला तिच्या टक्केवारीने गुणून बेरीज केली की 625 + 375 + 125 = 1,125 चौ. किमी, हे झालं क्षेत्रफळ. बर्फ तोच, आकडे दोन.

वाऱ्याचा परिणाम पाहिला की फरक आणखी ठळक होतो. गच्च भरलेल्या दोन चौकटींतला बर्फ वाऱ्याने चार चौकटींत निम्मा-निम्मा पसरला, तर व्याप्ती 1,250 वरून 2,500 होते. क्षेत्रफळ 1,250 चं 1,250च. अशा वेळी ‘बर्फाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं’ असं छापलं, तर ते धडधडीत चूक आहे.

रोहिणी: ‘एक्स्टेंट’ला ‘विस्तार’ का नको? हिंदीत तोच दिसतो.

अनंत व.: मराठीत ‘विस्तार’ म्हटलं की वाढ डोळ्यांपुढे येते, जसा मंत्रिमंडळाचा विस्तार. ‘बर्फाचा विस्तार घटला’ हे वाचताना अडखळायला होतं. ‘व्याप्ती घटली’ सरळ वाचलं जातं. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकची व्याप्ती सुमारे 34 लाख चौ. किमीपर्यंत उतरली, तो उपग्रह-नोंदींतला नीचांक. तो आकडा व्याप्तीचा आहे, क्षेत्रफळाचा नव्हे.

रोहिणी: मग खरा बर्फ मोजणारं क्षेत्रफळ सोडून बातम्यांत व्याप्तीच का देतात?

अनंत व.: कारण उन्हाळ्यात क्षेत्रफळ फसवतं. ही मोजणी सूक्ष्मलहरींवर चालते. उपग्रह स्वतः काही सोडत नाही, पृष्ठभागातून निघणारं क्षीण प्रारण टिपतो. त्यामुळे ढग आणि ध्रुवीय रात्र फारशी आड येत नाहीत. लहरीचं कंपन कुठल्या दिशेत आहे, त्याला ध्रुवण म्हणतात. प्रारणाची तीव्रता तापमानाच्या एककात मांडली, तर 19 गिगाहर्ट्झला उघडं पाणी उभ्या ध्रुवणात साधारण 180 केल्विन, तर आडव्यात 100 च्या आसपास दिसतं. पहिल्या वर्षाचा बर्फ दोन्हींत 240 ते 260 च्या दरम्यान. उभ्या-आडव्यातली ही तफावत मोठी म्हणजे पाणी, लहान म्हणजे बर्फ.

उन्हाळ्यात बर्फाच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. उपग्रहाला ती उघड्या समुद्रासारखीच दिसतात, म्हणून 90 टक्क्यांची चौकट 60 ची भासू शकते. क्षेत्रफळ खोटंच घटतं. व्याप्तीला मात्र चौकट 15 च्या वर आहे ना, एवढंच बघायचं असतं.

दुसरी अडचण ध्रुवाची. उपग्रहांच्या कक्षा अगदी ध्रुवावरून जात नाहीत, त्यामुळे नकाशाच्या मधोमध एक भोक राहतं. निंबस-7 या जुन्या उपग्रहाच्या काळात ते 84.5 अंश उत्तरेपासून होतं, 1987 च्या नव्या संवेदकाने ते 87.2 अंशांवर नेलं. व्याप्ती काढताना भोकात बर्फ आहेच असं धरतात, क्षेत्रफळात ते वगळतात. म्हणून 1987 च्या अलीकडची-पलीकडची क्षेत्रफळं सरळ एकाच आलेखात जोडू नयेत. दक्षिणेत हा प्रश्न नाही, तिथे ध्रुवावर जमीन आहे.

(टिपणात ‘ध्रुवण’ आणि ‘ध्रुवीय’ जवळजवळ आले तर एकदा खुलासा करा. पहिला लहरीच्या कंपनाच्या दिशेचा, दुसरा ठिकाणाचा.)

दर्यावर्दी: ‘फ्लो’ म्हणजे हिमनग नव्हे. हिमनग हिमनदीतून किंवा किनाऱ्याला लागून तरंगणाऱ्या जाड हिमथरातून तुटतो. तो गोड्या पाण्याचा. जुलै 2017 मध्ये अंटार्क्टिकातल्या लार्सन-सी या हिमथरापासून सुटलेला ए-68 हा हिमनग सुमारे 5,800 चौ. किमीचा होता. सागरी बर्फ म्हणजे समुद्राचं पाणीच सुमारे उणे 1.8 अंशांना गोठलेलं. त्याच्या सुट्या सपाट तुकड्याला मासळीबाजारातला ‘लादी’ हा शब्द चपखल आहे. दोन लाद्यांमधल्या उघड्या पाण्याला ‘चीर’ म्हणा.

या दोन शब्दांवर ‘फ्रीबोर्ड’ सहज सांगता येतो: चिरेतल्या पाण्यापासून लादीच्या माथ्यापर्यंतची उंची. उपग्रहावरचा उंचीमापक नेमकी तीच काढतो. ‘जलपृष्ठावरची उंची’ लिहा. पण कुठल्या माथ्यापर्यंत, हे सांगायलाच हवं. नासाच्या आइससॅट-2 उपग्रहाचा हिरवा लेसर लादीवर पडलेल्या हिमाच्या, म्हणजे भुरभुरीत बर्फवृष्टीच्या, वरच्या थरावरून परततो. युरोपच्या क्रायोसॅट-2 उपग्रहाचं 13.6 गिगाहर्ट्झचं रडार हिम भेदून बर्फापर्यंत पोचतं, असं गृहीत धरतात. हिम ओलं असलं की ते गृहीतक कोसळतं. इस्रो आणि फ्रान्सच्या ‘सरल’ उपग्रहाचं रडार 35.75 गिगाहर्ट्झचं, ते हिमात कमीच शिरतं. म्हणून ‘बर्फाची उंची’ आणि ‘हिमासकट उंची’ असे दोन शब्दप्रयोग ठेवा.

जाडी अशी निघते: बर्फाची उंची 20 सेंमी, वर 20 सेंमी हिम, घनता पाण्याची 1024, बर्फाची 917, हिमाची 320 किग्रॅ प्रति घनमीटर. (1024 × 0.20 + 320 × 0.20) ÷ (1024 − 917), म्हणजे सुमारे 2.5 मीटर. उंचीत 2 सेंमी चूक झाली तर जाडीत जवळपास 19 सेंमी फरक पडतो.

मंजिरी: मग ‘सागरी हिम’ आणि ‘हिमव्याप्ती’ही गेले म्हणायचे?

दर्यावर्दी: समुद्रापुरते हो. ‘हिमव्याप्ती’ जमिनीवरच्या बर्फवृष्टीच्या आच्छादनासाठी राखून ठेवा, समुद्रासाठी ‘सागरी बर्फाची व्याप्ती’ लिहा. आणि आकड्याशेजारी तो एका दिवसाचा, पाच दिवसांच्या सरासरीचा की महिन्याचा, हे द्या. 2012 चा नीचांकही दैनिक आणि मासिक मोजणीत वेगळा येतो.