तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली पत्रं पौलाची आहेत का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तळटीप

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावाने सुरू होणारी 13 पत्रं आहेत. त्यांतली सात पौलाचीच, यावर अभ्यासकांत जवळपास एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाचं. त्याचे सहकारी तीमथ्य आणि तीत यांच्या नावे असलेली, तीमथ्याला दोन आणि तीताला एक, ही तीन मात्र त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या कुणी त्याच्या नावाने लिहिली, असं माझं ठाम मत आहे. ते कशाच्या आधारावर, हे मांडतो. उलट बाजूचं ऐकायला आवडेल.

आधुनिक काळातली पहिली गाजलेली शंका 1807 मध्ये श्लायरमाखर या जर्मन धर्मोपदेशकाने घेतली, तीही फक्त पहिल्या तीमथ्यावर, म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावर. 1921 मध्ये हॅरिसन या अभ्यासकाने शब्द मोजले. विशेषनामं सोडली तर या तीन पत्रांत 848 वेगवेगळे ग्रीक शब्द येतात आणि त्यांतले 306 पौलाच्या उरलेल्या दहा पत्रांत एकदाही येत नाहीत. हा आकडा सगळीकडे पुढे केला जातो, पण माझा भर त्यावर नाही.

माझा भर आहे मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, रचनेवर. करिंथच्या मंडळीत काय चाललं होतं ते पाहा. गट पडलेले, खटले कोर्टात, प्रभुभोजनात कुणी उपाशी तर कुणी प्यालेला. इतकं असूनही पौल कुणा अध्यक्षाला बोलावून ‘हे आवर’ असं सांगत नाही; तो सगळ्या मंडळीशी बोलतो, कारण आवरायला कुणी नेमलेलाच नाही. पहिल्या तीमथ्यात मात्र अध्यक्ष कसा असावा, सेवक कसे असावेत, वडिलांवरची (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांवरची) तक्रार किती साक्षीदारांवर ऐकावी, हे सगळं ठरलेलं आहे. विधवांची यादीसुद्धा आहे, आणि त्या यादीत नाव घालायला वय किमान 60 हवं. एवढी घडी बसायला एक पिढी तरी जावी लागते.

शिवाय प्रवास जुळत नाही. तीताला क्रेतात मागे ठेवलं असं पत्र म्हणतं, पण प्रेषितांच्या कृत्यांत (पौलाचे प्रवास सांगणाऱ्या नव्या करारातल्या पुस्तकात) पौल क्रेताला लागतो तो कैदी म्हणून, रोमला जाणाऱ्या जहाजातून. पहिल्या तीमथ्यात पौल मासेदोनियाला जाताना तीमथ्याला इफिसात थांबवतो; कृत्यांच्या 19व्या अध्यायात तो तीमथ्यालाच मासेदोनियाला पुढे पाठवतो आणि स्वतः मागे राहतो.

बोरू

मांडणी चांगली आहे, पण पौलाकडे लेखनिक असायचा हे तुम्ही गाळलंत. रोमकरांसच्या 16व्या अध्यायात तर्तियस स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. गलतीकरांसच्या शेवटी पौल म्हणतो की पाहा, आता केवढ्या मोठ्या अक्षरांत मी माझ्या हाताने लिहितोय. म्हणजे त्याआधीचं दुसऱ्याने लिहिलं होतं. लेखनिकाला किती मोकळीक दिली, यावर शब्द बदलणारच. त्यात ही पत्रं विश्वासू सहकाऱ्यांना आहेत, मंडळीला नाहीत.

मोजणीचं म्हणाल तर मॉर्टन या अभ्यासकाने 1963 मध्ये संगणकावर हिशेब केला आणि पौलाच्या पदरात चारच पत्रं टाकली. केनी या दुसऱ्या अभ्यासकाने 1986 मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं, तर त्याला 12 पत्रं एका हातची मानायला अडचण दिसली नाही, फक्त तीताचं वेगळं वाटलं. तिन्ही पत्रं मिळून शब्द साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्या नमुन्यावर छातीठोक निकाल देता येत नाही.

प्रवासाचं उत्तरही जुनंच आहे. कृत्यांचं पुस्तक पौल रोममध्ये नजरकैदेत असताना थांबतं. तो सुटला आणि पुन्हा फिरला, असं चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो. पहिल्या शतकाच्या अखेरीचं रोमच्या क्लेमेंटचं पत्र तो पश्चिमेच्या सीमेपर्यंत पोचल्याचं सांगतं.

आणि झगा! दुसऱ्या तीमथ्याच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. बनावट पत्र लिहिणारा माणूस हे का रचेल?

तळटीप

बोरू, मोजणीवरचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी तिच्यावर भार टाकला नाही. पण लेखनिक शब्द बदलेल, विधवांची यादी कशी आणेल? तर्तियसने लिहिलेलं रोमकरांस पौलाच्या सगळ्या वादांसकट पौलाचंच वाटतं.

सुटकेनंतरचा प्रवास शक्य आहे. पण युसेबियस चौथ्या शतकातला, आणि सुटकेच्या बाजूने तो दुसऱ्या तीमथ्याचाच आधार घेतो. ज्या पत्राबद्दल वाद आहे तेच साक्षीला आणून कसं चालेल?

झग्याबद्दल. पौल आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांच्यातली 14 पत्रं उपलब्ध आहेत आणि ती बनावट आहेत याबद्दल आज जवळपास कुणालाच शंका नाही. त्यांतही सेनेका पौलाला सांगतो की एक पुस्तक पाठवलंय. असा घरगुती तपशील खऱ्या पत्रात असतो, म्हणूनच नक्कल करणाराही तो घालतो.

ओवी

माझा प्रश्न बाहेरून आहे. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले कितीतरी अभंग विष्णुदास नाम्याचे आहेत, नामदेवांचे नव्हेत. त्याला आपण फसवणूक म्हणत नाही. मोठ्या संताच्या मुद्रेने नंतरच्या कवीने लिहिलं, इतकंच. इथेही तसंच का मानू नये?

बोरू

कारण त्या काळच्या चर्चला ते चालत नव्हतं. टर्टुलियन या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकाने नोंदवलंय की आशिया प्रांतातल्या एका वडिलाने पौलाच्या नावावर खपेल असं लिखाण केलं. पकडल्यावर म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं. तरीही त्याला पद सोडावं लागलं. बहुधा दुसऱ्या शतकातली मुराटोरी यादी (चर्चने मान्य केलेल्या पुस्तकांची) लावदिकीयाकरांस आणि आलेक्सांद्रियाकरांस ही पत्रं पौलाच्या नावावर रचलेली म्हणून बाजूला काढते, आणि त्याच यादीत तीत आणि तीमथ्य मान्य आहेत. इतके सावध लोक याच तीन पत्रांना फसले असं तुमचं म्हणणं?

तळटीप

ओवी, बोरू यांच्याशी या मुद्द्यावर मी सहमत आहे: ‘तेव्हा सर्रास चालायचं’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. पण ते सावध कशाबद्दल होते? अंत्युखियाचा बिशप सेरापियन घ्या. ऱ्होससच्या मंडळीत ‘पेत्राचं शुभवर्तमान’ वाचलं जात होतं. न वाचताच त्याने आधी परवानगी दिली. पुढे त्यात ख्रिस्ताच्या देहाबद्दल चुकीची शिकवण आहे असं कळलं, तेव्हा पुस्तक मागवून वाचलं आणि पेत्राचं नाव खोटं ठरवलं. शिकवण बिघडली म्हणून नावावर शंका आली. तीमथ्याच्या पत्रांची शिकवण मोठ्या चर्चला हवी तशीच होती, मग नावावर शंका घ्यायला कारणच नव्हतं.

बोरू

सेरापियनवरून सगळ्यांची परीक्षा करू नका. तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाचा बिशप डायोनिसियस याने प्रकटीकरण आणि योहानाचं शुभवर्तमान ही नव्या करारातली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. शुभवर्तमानाचं ग्रीक निर्दोष, प्रकटीकरणाचं ओबडधोबड. शब्द वेगळे, कल्पना वेगळ्या. शुभवर्तमानाचा लेखक स्वतःचं नाव सांगत नाही, प्रकटीकरणाचा पुन्हा पुन्हा सांगतो. त्याने निष्कर्ष काढला की हे दोन वेगळे योहान, आणि तरीही प्रकटीकरण पवित्र मानलं. शिकवण चुकीची न ठरवता, निव्वळ लिखाण तपासून! अशी नजर असलेल्या लोकांनी तीमथ्यावर बोट ठेवलं नाही.

आणि काळ. स्मर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याच्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पैशाचा लोभ ही संकटांची सुरुवात आणि आपण जगात काही आणलं नाही ही दोन वाक्यं लागोपाठ येतात. दोन्ही पहिल्या तीमथ्याच्या सहाव्या अध्यायात आहेत. पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला.

तळटीप

डायोनिसियसचं उदाहरण मला फार प्रिय आहे, कारण लेखक ठरवायची आजची पद्धत त्याचीच आहे. पॉलिकार्पवरून पत्र त्याच्याआधीचं ठरतं. ते पौलाचं ठरत नाही. सन 100 च्या सुमारास लिहिलं असलं तरी हे जुळतं.

बाहेरच्या पुराव्यात माझ्या बाजूने आणखी एक आहे. 140 च्या दशकात मार्सिओनने (चर्चने पुढे पाखंडी ठरवलेल्या शिक्षकाने) पौलाच्या पत्रांचा संग्रह केला, त्यात दहाच पत्रं. ही तीन नाहीत.

बोरू

टर्टुलियन म्हणतो की मार्सिओनने ती नाकारली. न मिळणं आणि नको असणं यांत फरक आहे. पहिल्या तीमथ्याचा शेवट खोट्या ज्ञानावर तुटून पडतो, मार्सिओनला ते कसं रुचेल?

पानोपानी

इथे सन 200 च्या आसपासचं पपायरस 46 आणायला हवं. पौलाच्या पत्रांची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी वही. 104 पानांपैकी 86 उरलीत. या तीन पत्रांपैकी एकाचाही त्यात मागमूस नाही. शेवटची सात पानं गेलीत, पण नेहमीच्या अक्षरात ही तीन पत्रं तेवढ्यात मावत नाहीत. मात्र लिहिणाऱ्याने उत्तरार्धात अक्षर दाटत नेलंय, जणू जागा पुरवायची होती. त्यामुळे हा पुरावा कुणाच्याच पारड्यात पुरता पडत नाही. त्याच वहीत इब्री लोकांस पत्र रोमकरांसनंतर लगेच येतं, म्हणजे ते पौलाचं धरलं होतं. आज तसं जवळपास कुणी मानत नाही.

वसईकर

आमच्या चर्चमध्ये ही वाचनं संत पौलाच्या नावानेच होतात आणि मला त्यात अडचण वाटत नाही. ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती विद्वानाने इब्री पत्राबद्दल लिहून ठेवलंय की ते कुणी लिहिलं हे देवालाच ठाऊक, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. पत्राचा अधिकार सहीवर नाही, चर्चने ते स्वीकारलं यावर आहे. मला भीती वेगळीच आहे. ‘पौलाचं नाही’ म्हणजे ‘पाळायचं नाही’ असा अर्थ लोक लगेच काढतात.

तळटीप

वसईकर, तुमच्या भीतीला आधार आहे, पण दुसरी बाजूही पाहा. स्त्रीने शिकवू नये, हे पहिल्या तीमथ्याचं वचन शतकानुशतकं ‘पौल म्हणतो’ म्हणून बायकांसमोर धरलं गेलं. ज्या पौलाने रोमकरांसमध्ये किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस केली, करिंथमध्ये बायका संदेश देतात हे गृहीत धरलं, त्याच्या तोंडी हे वाक्य घालायचं का, हा प्रश्न मंडळीत बसलेल्या प्रत्येक बाईचा आहे. चर्चने ते वचन मानायचं ते मानावं. पौलाचं म्हणून मानू नये.

बोरू

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायातही बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, आणि ते तुमच्या सातांतलंच पत्र. स्त्रियांचा मुद्दा लेखक ठरवायला वापरू नका.

शिवाय तिन्ही पत्रं एका गाठोड्यात का बांधता? दुसऱ्या तीमथ्यात ना विधवांची यादी आहे, ना अध्यक्षाच्या पात्रता. तिथे मरणाच्या दारातला एक माणूस आहे. तुमचा मुख्य मुद्दा त्या पत्राला लागूच होत नाही.

तळटीप

तिन्हींपैकी दुसरं तीमथ्य पौलाच्या सर्वांत जवळचं, हे कबूल. पण त्यातही त्रफिम आजारी पडला म्हणून मिलेतात ठेवला असं आहे, आणि कृत्यांच्या 21व्या अध्यायात तोच त्रफिम पौलाबरोबर यरुशलेमेत दिसतो. म्हणजे इथेही तुम्हाला सुटकेनंतरचा प्रवास मानावाच लागतो. आणि ‘हे वचन विश्वसनीय आहे’ ही ठरावीक ओळ पाहा. पहिल्या तीमथ्यात तीनदा, दुसऱ्यात एकदा, तीतात एकदा. उरलेल्या दहा पत्रांत एकदाही नाही. तिन्ही पत्रांमागे एकच हात आहे असं मी म्हणतो ते यावरून.