मोडेम जोडतो, पत्ताबी मिळतो, पण पान एक उघडत नाही

टर्नरचा_पोरगा, कोल्हापूर
मंगळवार पेठेत घर, जुनं पेंटियम, त्यावर डेबियन लिनक्स. फोनच्या लायनीवरनं इंटरनेट जोडणारं आतलं मोडेम कार्ड लिनक्सला दिसलंच नाही. विनमोडेम निघालं ते, अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारं. मग उद्यमनगरातल्या एका मित्राकडनं बाहेरचा सिरियल मोडेम आणला. डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमनं तो पहिल्या झटक्यात ओळखला, टीटीवायएस0 म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवर. नंबर फिरतो, किर्रर्र-खर्रर्र होतं, 'कनेक्ट 115200' येतं (लई खूश झालो), पीपीपी (फोनवरनं इंटरनेट चालवणारं) सुरू होतं, आयपी पत्ता मिळतो. आणि ब्राउझर नुसता बघत बसतो. तीन रात्री गेल्या. बिल आलं की बाबा मोडेमसकट मला पंचगंगेत सोडणार.

सिसलॉगवाला
115200 वर खूश होऊ नको भावा. तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग. फोनच्या तारेवर 56के मोडेमला 56 च्या वर काय मिळत नाही, जुन्या लायनीवर तेवढंबी नाही. तुझं डीएनएस, म्हणजे नावावरनं आकडी पत्ता शोधणं, गंडलंय. रिझॉल्व्ह.कॉन्फ फायलीत नेमसर्व्हर (पत्ते सांगणारं मशीन) आहे का बघ.

टर्नरचा_पोरगा
दोन आहेत, पीपीपीनंच भरलेत. पण नाव सोडून नुसत्या आकडी पत्त्याला पिंग केलं (हाक मारून बघितली) तरी बाहेरचं काहीच उत्तर देत नाही. गंमत म्हणजे डब्ल्यूव्हीडायल जो 'रिमोट', म्हणजे पलीकडच्या टोकाचा, पत्ता दाखवतो, तो मात्र पिंगला उत्तर देतो.

रंकाळ्यावरचा
मग डीएनएस नव्हे. लाइन चालू आहे, पलीकडचा माणूस दारात उभा आहे, पण तुझी पाकिटं त्या दारानं जातच नाहीत. जोडलेलं असताना 'राउट -एन' मार, पाकिटं कुठनं जातात ते दिसेल; 0.0.0.0 ची, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांची, ओळ इथं टाक. मशीनमध्ये लॅन कार्ड आहे का?

टर्नरचा_पोरगा
आहे. ओळ अशी: 0.0.0.0, गेटवे (बाहेर जायचं दार) 192.168.1.1, शेवटी ईटीएच0, म्हणजे लॅन कार्ड. आता आठवलं! दिवाळीत दादाच्या मशीनवरनं फोटो घ्यायला क्रॉस केबल टाकलेली. तेव्हा गेटवेचा रकाना रिकामा बरा दिसंना म्हणून दादाच्याच मशीनचा पत्ता भरला. दादा पुण्याला गेला, मशीन घेऊन. केबल टेबलाखाली लोंबकळतेय.

रंकाळ्यावरचा
सापडलं. डिफॉल्ट राउट (तीच 0.0.0.0 ची ओळ) आधीच असला तर पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम, तो बदलत नाही, जुनाच ठेवतो. सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट राउट' दिसेल. म्हणजे तुझं सगळं इंटरनेट त्या लोंबत्या केबलीत चाललंय. आता रूट (अ‍ॅडमिन) होऊन 'राउट डेल डिफॉल्ट' मार आणि परत डायल कर. कायमचं पाहिजे असेल तर /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फायलीतली ईटीएच0 खालची गेटवेची ओळ उडव. आयपी आणि नेटमास्क राहू दे, दादा आला की लागेल.

टर्नरचा_पोरगा
नाद खुळा! ओळ उडवली, डायल केलं, पान उघडलं. हे त्याच लायनीवरनं लिहितोय. लॉगमध्ये ते वाक्य तिन्ही रात्रींचं पडलंय, मी फक्त शेवटची आयपीची ओळ बघून हरखत होतो. आता वरच्या खोलीतला जोडफोन तेवढा काढायचाय. मघाशी आईनं मावशीला लावायला उचलला, कानात खर्रर्र ऐकून "लाइन बिघडली गं" म्हणाली, आणि इकडं 'नो कॅरियर', म्हणजे जोडणी तुटली.

सिसलॉगवाला
जोडफोन काढू नको, आई तुलाच काढेल. डायल करायच्या आधी खालनं हाक मारत जा.