दालपुरीचे सारण पारी फोडून बाहेर येते

कोकमआगळ:
नोकरीनिमित्त सहा महिन्यांपासून मी त्रिनिदादमध्ये सान फर्नांडोला राहते. येथील दालपुरी, म्हणजे पिवळ्या वाटाणा डाळीचे तिखट सारण भरून लाटलेली मैद्याची मोठी, पातळ रोटी, मला अतिशय आवडते. परंतु घरी एकही धड उतरत नाही. पुरणपोळीचा हात असल्यामुळे मी डाळ कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन शिजवली, पुरणयंत्रातून काढली आणि तीत लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हळद व मिरची घातली. लाटताना कडेने सारण निसटले आणि तव्यावर मधोमध भोक पडले. कुठे चुकले असावे?

पाटावरवंटा:
पुरणाची सवय आपल्याला नडली आहे. पुरणाची डाळ मऊ शिजली तरी चालते, कारण पुढे ती गुळाबरोबर आटवून घट्ट करता येते. येथे आटवणे नसल्यामुळे पाणी उंड्यातच राहते आणि तव्यावर त्याची वाफ पारी फाडते. भिजवलेली डाळ उघड्या पातेल्यात शिजवावी, दाणा चिमटीत मोडू लागला, पण त्याचा अजून लगदा होत नाही, अशा वेळी लगेच चाळणीत उपसावी आणि ताटात पसरून पूर्ण कोरडी झाल्यावरच दळावी. सारण भुरभुरीत हवे. खाली निथळलेल्या पाण्याला लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. कटाच्या आमटीची आठवण होईल.

चुलीपुढे:
वरील उत्तर पटले, पण पारीकडेही पाहावे. मैद्यात थोडी बेकिंग पावडर घालून सैल मळावे आणि भरलेले उंडे, ज्यांना तिकडे 'लोया' म्हणतात, निदान २० मिनिटे झाकून ठेवावेत. घाईने लाटलेला उंडा आखडतो व फाटतो. १८४५ ते १९१७ या काळात त्रिनिदादला गेलेल्या भारतीय मजुरांत भोजपुरी पट्ट्यातील लोक पुष्कळ होते, त्यांच्याबरोबर ही पुरी तेथे गेली. आपल्याकडे ती हरभरा डाळीची करतात, तेथे वाटाणा डाळ रुळली. तेव्हा कृती शेजारणीलाच विचारलेली बरी.

कोकमआगळ:
दोघांचेही आभार. काल डाळ उघडी शिजवली, पंख्याखाली पसरली आणि उंडे अर्धा तास झाकून ठेवले. पहिल्या दोन फाटल्या, तिसरी मात्र टम्म फुगली. शेजारणीने चव घेऊन जिरे आणखी काळपट भाजायला सांगितले आहे.