जुना लॅपटॉप डिस्कवरून सुरू होत नाही : भंगारात द्यायचा की बिघाड शोधायचा?

बोरीकाठ, अमळनेर
घरात 2008 सालचा लॅपटॉप आहे, 2 जीबी रॅमचा. पुतणी टायपिंगच्या परीक्षेला बसतेय, तिला सरावासाठी द्यायचाय. आतली विंडोज अर्ध्यात अडकते. नवी सिस्टीम टाकावी म्हणून डीव्हीडी घातली, तर ड्राइव्ह फिरते, दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि मशीन परत त्याच बिघडलेल्या विंडोजकडे जातं. दुकानात नेला तर दोन मिनिटांत निकाल लागला: "मदरबोर्ड गेला, नवा घ्या."

हे मला पटत नाही. एफ-2 दाबलं की बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पडदा नीट येतो, रॅम पूर्ण दिसते, कीबोर्ड चालतो. बोर्ड गेलेलं मशीन इथपर्यंत येईल का? बिघाड सेटिंगमध्ये, डिस्कमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये असणार. तो न शोधताच मशीन टाकून द्यायला लावणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

केळीबाग, रावेर
भो, राग मानू नका, पण मी दुकानदाराच्या बाजूने. कारण त्याने चुकीचं सांगितलं, सल्ला मात्र बरोबर दिला. एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज 7 टाकाल, तर तिचे सुरक्षा अपडेट जानेवारी 2020 मध्येच थांबले. क्रोम त्यावर 109 व्या आवृत्तीपुढे जात नाही. उद्या ड्राइव्ह बदलाल, परवा बॅटरी, मग चार्जर. केळीचा घड उतरवला की आपण पाणी नव्या पिलासाठी देतो, जुन्या खोडासाठी नाही. ऑफिसातून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप घ्या आणि पोरीचा वेळ वाचवा.

बोरीकाठ, अमळनेर
टायपिंगच्या सरावाला क्रोम कशाला लागतं दादा? इंटरनेट जोडायचंच नाही. आणि सेकंडहँडचे पैसे आज द्यायचे कुठून? कापूस अजून घरातच पडलाय.

सातपुडा, शिरपूर
बोरीकाठ यांचं म्हणणं बरोबर आहे. बायोसचा पडदा येतो म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड आपापलं काम करतायत. आता क्रमाने बघा.

आधी बायोसमधली तारीख. ती दरवेळी कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या 1 जानेवारीवर जात असेल तर आतला छोटा सेल संपलाय. सेल संपला की तुम्ही लावलेला बूटचा क्रमही (सुरू होताना आधी डिस्क बघायची की हार्डडिस्क, तो) मशीन विसरतं आणि परत हार्डडिस्क पहिली होते. बऱ्याच मशीनमध्ये हा सेल 3 व्होल्टचा असतो, काहींत वायर लावलेला.

मग डिस्क. ती दुसऱ्या संगणकात उघडा. आत फोल्डर आणि बऱ्याच फायली दिसल्या तर ठीक. एकच मोठी आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एका फायलीतली प्रत) दिसली तर ती डिस्क बूट होणारच नाही. फाईल नुसती कॉपी करून चालत नाही, "इमेज बर्न" करावी लागते. तेव्हाच बूटची नोंद डिस्कवर बायोसला सापडेल अशी लिहिली जाते. आपल्याकडे वाटल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये हाच दोष मी सर्वांत जास्त पाहिलाय.

आणि "प्रेस एनी की" अशी ओळ येते ती चुकवू नका. पाचेक सेकंदांत बटण दाबलं नाही तर मशीन हार्डडिस्ककडे वळतं.

हतनूर, भुसावळ
एवढा खटाटोप डिस्कसाठी का? डिस्कचे दिवस गेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या कोऱ्या डीव्हीडीचं काय होत असेल विचार करा. लिहिता येणाऱ्या डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो. सरळ पेनड्राइव्ह वापरा. पेनड्राइव्ह बूटसाठी तयार करणाऱ्या रुफस प्रोग्राममध्ये एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) आणि बायोस निवडा. जीपीटी ही नवी पद्धत ठेवलंत तर 2008 चं मशीन ते ओळखणार नाही. बायोसमध्ये पेनड्राइव्ह बऱ्याचदा "हार्डडिस्क"च्या यादीत आत लपलेला असतो, तिथून वर आणा.

बोरीकाठ, अमळनेर
पेनड्राइव्ह त्या यादीतही दिसत नाही. दोन्ही पोर्टला लावून बघितला, दुसऱ्या संगणकात तोच चालतो. तारीख बरोबर राहते. डिस्कमध्ये फोल्डर आहेत. एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे: जुनी गाण्यांची सीडी व्यवस्थित वाजते, पण डीव्हीडी कोणतीही घाला, वाचतच नाही.

सातपुडा, शिरपूर
मग यात चमत्कारिक काही नाही, उलट उत्तर सापडलं! सीडी 780 नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी 650 च्या. ड्राइव्ह एकच दिसली तरी आत दोन लेझर असतात आणि एक थकला तरी दुसरा चालू शकतो. तुमचा डीव्हीडीचा लेझर बहुधा थकलाय. आधी लेन्स तेवढी पुसून बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापसाच्या काडीवर घेऊन, अगदी हलक्या हाताने. जिनिंगजवळ घर असेल तर तंतू आणि धूळ आत हमखास जाते. तरी डीव्हीडी वाचली नाही तर 700 एमबीच्या सीडीत मावणारी सिस्टीम घ्या. पपी लिनक्स ही हलकी, मोफत सिस्टीम आहे, तिच्या बऱ्याच आवृत्त्या मावतात. कमी वेगावर बर्न करा, जुनी ड्राइव्ह तशी सीडी सोपी वाचते.

हतनूर, भुसावळ
हे मान्य. सीडी चालतेय तर प्लॉप बूट मॅनेजरही सीडीवर टाकता येतो. तो सीडीवरून सुरू होतो आणि पेनड्राइव्हला पुढे हाकतो, बायोसला येत नसलं तरी.

केळीबाग, रावेर
लेझरचं पटलं. तरी माझा आक्षेप तसाच आहे. टायपिंग क्लासचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर पपी टाकून पोरीच्या कामाचं काय? आणि परीक्षेला कीबोर्डवरच्या अक्षरांचा लेआउट रेमिंग्टन लागतो की इन्स्क्रिप्ट? चुकीच्या लेआउटवर बोटं बसली तर मोडायला महिने जातात. क्लासमध्ये विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. त्याहून आधी हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि घरचे फोटो दुसरीकडे घ्या. नवी सिस्टीम टाकताना एक चुकीचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं.

बोरीकाठ, अमळनेर
फोटोंचं एकदम बरोबर, ते आधी काढतो. लेन्स पुसली, डीव्हीडी अजूनही वाचत नाही. पपीची सीडी मात्र लागली, पडदा आला, कीबोर्डची सगळी बटणं चालतायत. सीडीवरून चालवताना हार्डडिस्कला हात लागत नाही, त्यामुळे विंडोज तशीच आहे. क्लासच्या सरांना उद्या फोन करतो. विंडोजच लागणार असेल तर हतनूरभाऊंचं प्लॉप वापरेन. आणि जळगावात डीव्हीडी वाचणारी जुनी ड्राइव्ह कुणाकडे मिळते का?

हतनूर, भुसावळ
जळगावच्या गोलाणी मार्केटात विचारून बघा. जाताना जुनी ड्राइव्ह काढून सोबत न्या, जोडणी आयडीई (जुनी) की साटा (नवी) ते मागचा जोड बघूनच कळेल.