गावचं चिरेबंदी घर, आत बुरशी: फॉगिंगचं कोटेशन घ्यावं का?

पागोळी (प्रश्न)

घर कुडाळच्या बाजूला. जांभ्याच्या चिऱ्याचं, १९५५ च्या आसपासचं, भिंती १५ इंची, वर मंगळुरी कौलं. २०१४ मध्ये आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट झाला. मधल्या खोलीला पीओपीचं फॉल्स सीलिंग लावलं, अंगणात काँक्रीटचा कोबा केला. वर्षातले नऊ-दहा महिने घर बंद असतं.

आत्ताची परिस्थिती: माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरी पूड. बाळंतिणीच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके, अंदाजे ४ बाय ६ फूट. फॉल्स सीलिंगच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग, त्याच्या कडेला काळं. वाशांवर पांढरा भुरा.

एका एजन्सीने कोटेशन दिलंय: हवेचे ५ नमुने, सगळ्या घरात फॉगिंग (औषधाची धुक्यासारखी फवारणी), बुरशीनाशकाचा कोट, वर वॉटरप्रूफ पुट्टी आणि रंग. ८५ हजार, पाच वर्षांची हमी. पाहणी वीस मिनिटांत उरकली, तीही नुसत्या डोळ्यांनी. मे महिन्यात सासूबाई राहायला येतात, त्यांना दमा आहे. हे काम द्यावं का? देण्याआधी काय विचारावं?

ओळंबा

देऊ नका. म्हणजे या स्वरूपात तरी नको. पाणी कुठून येतंय याबद्दल त्या कोटेशनमध्ये एक ओळ नाही. ओल मोजलेली नसेल तर ते बुरशीचं कोटेशन नव्हे, रंगकामाचं आहे.

तुम्ही चार जागा सांगितल्यात, त्या चार वेगवेगळ्या भानगडी असू शकतात. तीन फुटांपर्यंत आडव्या रेषेत चढलेले पोपडे आणि पांढरी पूड हा बहुधा लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) आहे, बुरशी नाही. खात्री करायची तर चिमूटभर पूड पाण्यात टाका. क्षार असेल तर विरघळेल आणि बोटांत खरखरीत लागेल. बुरशी विरघळत नाही, ती फासली जाते. जमिनीतली ओल भिंतीत साधारण मीटर-सव्वा मीटर चढते आणि येताना क्षार आणते. जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर नसायचाच, पण चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हवेत निघून जायची. २०१४ मध्ये तुम्ही ती वाट दोन्ही बाजूंनी बुजवलीत. आता ओल वर सरकते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी लावलीत तर तीन फुटांची रेषा दोनेक पावसाळ्यांत चार फुटांवर जाईल.

दुसरा संशय अंगणाच्या कोब्यावर. कोबा घातल्यावर जोत्याची उंची किती उरली ते मोजा. बाहेरची जमीन आतल्या लादीपेक्षा किमान १५ सेंटीमीटर खाली हवी. शिवाय पागोळी मातीवर पडते तेव्हा जिरते, काँक्रीटवर पडली की उसळून भिंतीचा खालचा फूटभर भाग पावसाळाभर भिजवत राहते.

पाहणी करणाऱ्याकडून एवढं तरी करून घ्या:

१. पिनच्या मॉइश्चर मीटरने प्रत्येक भिंतीवर दर ३० सेंटीमीटर उंचीला एक, असे उभ्या ओळीत आकडे, नकाशावर लिहून. दगड-गिलाव्यावर हा आकडा टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो, फक्त तुलनेसाठी. लोणा असेल तिथे मीटर फुगवून दाखवतो, हे त्याला माहीत आहे का ते विचारा; उत्तरावरून माणूस कळतो.

२. कपाटामागच्या भिंतीवर ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून ४८ तास ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला आलं तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय.

३. आढ्यावर चढून डागाच्या बरोबर वरची कौलं, रिपा आणि वळचण पाहणं. खालून टॉर्च मारून भागत नाही.

सुकी_भिंत

वरच्याशी सहमत. मी काढण्याच्या कामाबद्दल लिहितो.

हवेचे नमुने आधी खोडून टाका. बुरशी डोळ्यांना दिसत असताना नमुन्यातून वेगळा निर्णय निघत नाही. एका नमुन्यात पंपाने मिनिटाला १५ लिटरप्रमाणे पाच मिनिटं, म्हणजे ७५ लिटर हवा ओढतात आणि आतल्या आकड्याची बाहेरच्याशी तुलना करतात. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच बीजाणूंनी (बुरशीच्या बारीक बियांनी) भरलेली असते, त्यामुळे आतला आकडा 'नॉर्मल' येऊन कपाटामागे बुरशी खुशाल वाढत राहते. हवेत किती बीजाणू 'सुरक्षित', याची सर्वमान्य मर्यादाही नाही. शिवाय पाच नमुन्यांत एक बाहेरचा आहे का, हेसुद्धा कोटेशनमध्ये लिहिलेलं दिसत नाही.

फॉगिंगचं तेच. मेलेली बुरशीही नाकात गेली की दम्याच्या माणसाला त्रास देते. ती मारून भागत नाही, उचलून घराबाहेर न्यावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा ढोबळ नियम असा की १० चौरस फुटांपर्यंतचं घरच्या घरी साफ करावं, त्यापुढे माहितगाराला बोलवावं. तुमची कपाटामागचीच २४ भरते, सीलिंगच्या वर काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा व्यावसायिक बोलवणं योग्यच, फक्त काम असं हवं:

खोलीचं दार १५० मायक्रॉनच्या प्लास्टिकने बंद. आत पंखा, एसी बंद. खिडकीत हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं) यंत्र, हवा बाहेर फेकणारं, तासाला निदान चार वेळा खोलीची हवा बदलेल असं. १२ बाय १२ ची, १० फूट उंच खोली १,४४० घनफुटांची, म्हणजे मिनिटाला साधारण १०० घनफूट पुरतात. हवा खरंच आत ओढली जातेय का हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. प्लास्टिकच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर आत वळला पाहिजे. बाहेर आला तर काम थांबवायचं, कारण तेव्हा ते लोक बाळंतिणीच्या खोलीतली बुरशी माजघरात पोचवत असतात.

पीओपी काढण्याआधी पाण्याचा हलका फवारा, धूळ बसण्यापुरता. मग तुकडे कापून तिथल्या तिथे दुहेरी पिशवीत. भिजलेलं पीओपी पुसून वाचवायच्या भानगडीत पडू नका. भिंतीवर सुकं खरवडणं किंवा सँडिंग नको: ओलसर ठेवून पत्र्याने पुट्टी काढायची, हेपा व्हॅक्यूम, मग साबणाच्या पाण्याने पुसणं, वाळवणं, परत व्हॅक्यूम. साधा घरगुती व्हॅक्यूम वापरताना दिसला तर हाकलून द्या. तो बारीक बीजाणू मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. कामगारांना एन-९५, बाजूने बंद असलेला चष्मा, हातमोजे. कापसाच्या गाद्या-उशांना वास धरला असेल तर त्या टाकायच्या, ऊन देऊन भागत नाही.

एक सावधगिरी. जुन्या दारा-खिडक्यांवर ऑइल पेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू देऊ नका. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. मागच्या पडवीला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांवरचं शेवाळ खरवडणंही नको, ॲसबेस्टॉस असतं.

पागोळी

धन्यवाद. मोजून आणलं. कोबा आतल्या लादीपेक्षा जेमतेम ५ सेंटीमीटर खाली आहे. पूड पाण्यात विरघळली. कपाटामागच्या फॉइलला पाणी खोलीच्या बाजूने, भिंतीकडची बाजू कोरडी. डागाच्या वर दोन कौलं तडकलेली आणि कोनाच्या पन्हळीत पालापाचोळा साचून पाणी उलटं फिरलेलं. कपाट भिंतीला अगदी चिकटून होतं. आता क्रम काय ठेवू? तोवर काळ्या डागांवर ब्लीच मारलं तर चालेल का?

ओळंबा

म्हणजे तीन वेगळे उगम निघाले, आणि एका फॉगिंगने तिन्ही बरे करायचा बेत होता.

कौलं आणि पन्हळ या आठवड्यात. हे काम हजार-दोन हजारांचं आहे, त्याची बाकी कशाशी सांगड घालू नका.

मग कोबा. पश्चिमेच्या भिंतीलगत ६० सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा, जमीन लादीच्या १५ ते २० सेंटीमीटर खाली न्या, तळाला भोकांचा पाइप १०० ला १ उताराने घराबाहेर काढा, वर २० मिलिमीटरची खडी. जमलं तर वळचणीला सहा इंची पन्हळ लावा. इथे बहुतेक जण ओलरोधक इंजेक्शनकडे धावतात: १२ मिलिमीटरची भोकं, दर १०-१२ सेंटीमीटरवर. जांभा पोकळ्यांचा दगड, रसायन कुठल्या बिळात गेलं ते कळत नाही. करायचंच झालं तर चिऱ्यात नव्हे, सांध्यात. पण आधी एक पावसाळा नुसत्या चरावर काढा, बऱ्याचदा गरज उरत नाही.

सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या ३० सेंटीमीटर वरपर्यंत उतरवा, सांधे १५-२० मिलिमीटर कोरा. लोणा सुक्या ब्रशने झाडायचा आणि ती पूड उचलून बाहेर टाकायची. धुऊ नका, धुतला की क्षार परत भिंतीत जातात. मग भिंत उघडी सोडा. भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. १५ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी सात-आठ महिने घेते. दसऱ्याला उतरवलीत तर गिलावा एप्रिल-मेच्या आधी नाही. गवंडी आठवड्यात परत करून देतो म्हणेल, ऐकू नका.

गिलावा चुन्याचा: मुरवलेला चुना १, वाळू ३, दहा-बारा मिलिमीटरचे दोन हात. वाळू नदीची. खाडीची रेती वापरलीत तर लोणा विकत आणल्यासारखं होईल. आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी शिंपडायचं, नाहीतर केसासारख्या तडा जातात. वर चुन्याचेच पातळ तीन-चार हात. प्लास्टिक पेंट नाही, पुट्टी नाही. ताज्या चुन्याचा पीएच १२ च्या वर असतो, त्यावर बुरशी सहसा धरत नाही.

सुकी_भिंत

ब्लीच नको. घट्ट, गुळगुळीत टाइलवर ठीक; गिलाव्यावर आणि लाकडावर त्यातलं पाणी आत शिरतं, क्लोरीन वरच राहतो. डाग पांढरा दिसतो, मुळं जिवंत. आणि संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर किंवा अमोनियाच्या कुठल्याही क्लीनरबरोबर ते कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. बंद खोलीत तर मुळीच नाही.

कपाटामागच्या डागांचा उगम हवा आहे. हवा २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर सव्वापंचवीस अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. जूनच्या सुरुवातीला बंद घरातली शहाबादी लादी घामेजते ती यामुळेच. कपाट भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे घ्या, खाली विटा ठेवून उचला.

आढं_वासा

लाकडाचं राहिलं. पांढरा भुरा ही वरवरची बुरशी असते, तिने वासा मोडत नाही. पण टोच्या घेऊन प्रत्येक वाशाचं आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तपासा, कुजणं तिथून सुरू होतं. टोच्या चार-पाच मिलिमीटर सहज रुतला तर ते टोक बदलायचं. मॉइश्चर मीटर लाकडावर खरा आकडा देतो: १५-१६ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, २० च्या वर कुजण्याची तयारी.

भुरा ओल्या फडक्याने पुसून लाकूड वाळू द्या. मग एक लिटर गरम पाण्यात ३६ ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि २४ ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ब्रशने दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. छप्पर गळत राहिलं तर हे मीठ धुऊन जातं, म्हणून कौलांनंतरच. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा.

घर बंद ठेवताना: पावसात शेजाऱ्यांना रोज सकाळी खिडक्या उघडायला सांगू नका, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघडीप असेल त्या दिवशी दुपारी दोन-तीन तास उघडल्या तर उपयोग. कपाटांची दारं किलकिली. ओल शोषणारे डबे कपाटापुरते, खोलीला पुरत नाहीत. कापूर आणि डांबराच्या गोळ्यांनी फक्त वास झाकतो. डीह्युमिडिफायर घ्यायचा तर टाकीवर विसंबू नका, ती भरली की यंत्र थांबतं. नळी मोरीत सोडा, ६० टक्क्यांवर लावा, आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारं मॉडेल आहे का हे दुकानातच प्लग काढून-घालून बघा.

सुकी_भिंत

आणि कोटेशन परत मागवाल तेव्हा रंग आणि पुट्टी त्यातून वगळा. मोजमाप करणारा आणि काढणारा एकच नको. टेक्सास आणि फ्लोरिडात एका कामावर दोन्ही भूमिका एकाने घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. पाच वर्षांची हमी कशाची ते लिहून घ्या. रंगाची असेल तर बिनकामाची. काम पूर्ण झाल्याची अट तीन गोष्टींत मांडा: डोळ्यांना बुरशी आणि धूळ दिसू नये, दारं-खिडक्या २४ तास बंद ठेवून उघडल्यावर कुबट वास येऊ नये, आणि साफ केलेल्या जागेचा मीटरचा आकडा घरातल्या कोरड्या भिंतीच्या जवळ यावा. शेवटचा हप्ता या तपासणीनंतर. सासूबाईंना कामाच्या दिवसांत त्या घरात ठेवू नका, शेजारच्या खोलीतही नाही.