मदत हवी आहे : नॅरोगेज डब्याची कुजलेली सागवानी तुळई बदलायची की सांधायची?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात नॅरोगेजचा एक जुना प्रवासी डबा कित्येक वर्षं उभा आहे. संस्थेची परवानगी घेऊन आम्ही सहाजण गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी तिथे जातो आणि तो दुरुस्त करतो. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात, डबेही स्वतःच दुरुस्त करतात. त्याबद्दल वाचलं तेव्हापासून माझ्या मनात होतं की आपल्याकडे निदान एक डबा तरी असा वाचावा.

आमच्यातले एक काका रेल्वेच्या सी अँड डब्ल्यूमधून, म्हणजे प्रवासी आणि मालडब्यांच्या विभागातून, फिटर म्हणून निवृत्त झालेत. बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा), स्प्रिंगा, कपलिंग, अ‍ॅक्सल बॉक्स (चाकांच्या आसांच्या टोकांवरच्या पेट्या) हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं आणि खालची बाजू आता खरंच चांगली झाली आहे. अडलंय ते लाकडात. आमच्यात सुतार कोणीच नाही.

डब्याचा सांगाडा सागवानी आहे. लोखंडी अंडरफ्रेमवर दोन्ही बाजूंना एकेक लांब तुळई, तिच्या खाचांमध्ये बसवलेले उभे खांब आणि त्यांवर बाहेरून फळ्या. खिडक्यांच्या झडपा खाली सरकून भिंतीच्या पोकळीत जातात. पाऊस त्या पोकळीत शिरणारच, म्हणून तळाशी पाणी निघायला भोकं ठेवलेली होती. रंगाच्या आणि लांबीच्या (पुट्टीच्या) थरांखाली ती बुजून गेली. पाणी आत साचत राहिलं आणि डाव्या बाजूची तुळई दोन ठिकाणी कुजली, प्रत्येकी साधारण चार फूट. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत जातो. वाळवी कुठेही दिसत नाही. बाकीची तुळई मात्र अशी टणक की ड्रिल गरम होतं.

संस्थेने एक ठेकेदार बोलावला होता. त्याचं म्हणणं, तुळई काढून लोखंडी सी-चॅनल टाका, फळ्यांच्या जागी प्लाय मारा, पंधरा दिवसांत चकाचक करून देतो. संस्थेला २६ जानेवारीपर्यंत डबा तयार हवा असल्याने त्यांचा कल तिकडे आहे. माझा जीव त्याला तयार होत नाही. खांबांच्या टोकांना पटाशीने मारलेल्या खुणा सापडल्या आहेत: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कुठलं लाकूड कुठे बसवायचं यासाठी कुणा सुताराने केलेल्या. चॅनल घातलं की ही टोकं कापावी लागतील.

एक चूकही सांगते, कारण सल्ला देताना ती माहीत असायला हवी. मागच्या रविवारी मीच ग्राइंडरला सँडिंगची चकती लावायला होकार दिला. दहा मिनिटांत दोन फूट रंग उडाला आणि त्याखालची अक्षरंही गेली. कडेला रोमन आकड्यातला तीन तेवढा उरला. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, म्हणजे तो थर त्याआधीचा. नंबर तिथेच होता का, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून ग्राइंडर बंद आहे.

तर, कुजलेला भाग कापून तिथेच सागाचा तुकडा सांधला तर तुळई वजन पेलेल का? असा जोड करणारा सुतार पुण्यात कुठे मिळेल? आणि रंग उतरवायचा तर आतली अक्षरं कशी वाचवायची?

डबा कुठल्या लाइनचा, हेही कोणी सांगू शकलं तर फार बरं होईल. संस्थेकडे कागद नाही. चाकांचं अंतर मोजलं तर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर भरतं. माथेरानचा रूळ दोन फुटी, त्यामुळे तो नव्हे. बार्शी लाइट, दौंड-बारामती, पाचोरा-जामनेर आणि विदर्भातली शकुंतला या सगळ्या लाइनी अडीच फुटीच होत्या.

पटाशी_कसबा : ताई, चॅनल अजिबात नको. आम्ही वाड्यांची कामं करतो. तुळईचं टोक कुजलं म्हणून कोणी अख्खी तुळई टाकत नाही. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं आणि तिरका जोड द्यायचा. तिरकेपणा एकास आठ ठेवा. तुळई चार इंच जाड असेल तर जोड बत्तीस इंच लांब. आखूड केला तर उघडेल. इपॉक्सी लावा आणि वर आरपार बोल्टही घाला, नुसत्या गोंदावर सोडू नका.

कापण्याआधी डब्याला आतून-बाहेरून टेकू द्या आणि दाराच्या चौकटींचे कर्ण मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच तुकडा काढायचा. दोन्ही एकदम काढलेत तर भिंत बसेल आणि मग दारं कधीच लागणार नाहीत.

लाकूड जुनंच घ्या. वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान भवानी पेठेत टिंबर मार्केटला विचारा. पुरतं वाळलेलं असतं, पिळत नाही. फक्त आत मोडलेले खिळे असतात, करवतीला लावण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा. स्क्रू पितळेचे वापरा, बोहरी आळीत मिळतील.

मिरज_लातूर_पॅसेंजर : माझं बालपण कुर्डुवाडीत रेल्वेच्या कारखान्याच्या भोंग्यावर गेलं, त्यामुळे राहवलं नाही. बार्शी लाइट १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिन असो की डबा, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हे तत्त्व धरलं होतं. वाघिणींची (मालडब्यांची) फ्रेम त्यांनी जाड पत्रा दाबून घडवलेली वापरली, म्हणजे मजबुती राहून वजन कमी. म्हणून अंडरफ्रेम नीट बघा. दाबलेला पत्रा आहे की रिव्हेट मारून जोडलेले सरळ गर्डर? अ‍ॅक्सल बॉक्सची झाकणं, चाकं आणि अ‍ॅक्सलची टोकं तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, ओतीव किंवा ठोकलेली अक्षरं सापडू शकतात. मात्र बोग्या एका डब्याखालून दुसऱ्याखाली जायच्या. चाकावरची खूण म्हणजे डब्याचा जन्मदाखला समजू नका. वरच्या डब्यात, दारांच्या चौकटीवरही शोधा.

अळशीचं_तेल : रंगाबद्दल. इतक्या जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चाला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भागांची) मर्यादा आली तीच मुळी नोव्हेंबर २०१७ पासून. कोरडं घासणं पूर्ण बंद करा आणि ब्लो-टॉर्चही लावू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, चांगला मास्क लावा, रविवारचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. त्या आवारात मुलं येत असतील तर खाली प्लॅस्टिक अंथरून सगळा चिखल गोळा करा.

अक्षरांसाठी आधी अंधार पडल्यावर जा. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका, वरच्या रंगातूनही अक्षरांच्या कडा उठून दिसतात. फोटो काढा. मग रुपयाएवढ्या जागेत उतरत्या थराने घासा, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे सगळे रंग एकाभोवती एक दिसतील. अशा पाच-सहा जागा केल्यात की कुठला रंग कुठल्यावर आहे ते कळेल.

मूळ धागाकर्ती : तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी टॉर्च घेऊन गेलो. उजव्या बाजूला, जिथे ग्राइंडर लागला नव्हता, तिथे दाराशेजारी चार आकडे दिसले. पहिला आणि शेवटचा वाचता येतो, मधले दोन अर्धवट आहेत. फोटो काढून ठेवलेत.

अंडरफ्रेमवर रिव्हेटच्या रांगा आहेत, सरळ गर्डर. पाण्याची भोकं खिळ्याने मोकळी केली, बारापैकी नऊ उघडली. संस्थेच्या सचिवांना खांबांवरच्या रेघा प्रत्यक्ष दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिल्या, बोट फिरवलं आणि चॅनलचं काम मार्चपर्यंत थांबवलं. २६ जानेवारीला डबा आहे तसाच, टेकूंवर उभा राहील.

पटाशी_कसबा, तुळई साडेतीन इंच भरली, म्हणजे जोड अठ्ठावीस इंचांचा धरते. एक अडचण मात्र आहे. कुजलेल्या भागाच्या मधोमध एक खांब येतो. जोड त्याच्या खाचेच्या अलीकडे संपवायचा की पलीकडे न्यायचा? पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः येऊन बघू शकलात तर करवत तोवर हातात धरणार नाही.