इग्लूलिकचा कॅमेरा

'मूलनिवासींवरचे चित्रपट म्हणजे बाहेरच्यांनी केलेले कौतुक' असे एक मत आहे आणि ते १९२२च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटाला चपखल बसते. कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून त्यात इग्लूचा अर्धा भाग उघडाच ठेवला होता आणि बंदुका वापरणाऱ्या इन्युइटांच्या (आर्क्टिकमधील मूलनिवासींच्या) हाती भाले दिले होते. मात्र कॅनडातील ज्या इग्लूलिक वस्तीने, आपल्या इनुक्टिटुट भाषेत कार्यक्रम नाहीत म्हणून, १९७५ साली मतदान करून दूरचित्रवाणीच नाकारली, तिथल्याच झकारियास कुनुक यांच्या 'अतानारजुआत'ने २००१ साली कान महोत्सवात 'कॅमेरा द'ऑर' हा पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार पटकावला. संपूर्ण इनुक्टिटुटमधील या चित्रपटात जीव वाचवण्यासाठी समुद्रावरील बर्फातून विवस्त्र, अनवाणी धावणारा नायक पाहताना (माझी तर पावले आखडली) कौतुकाला सवडच मिळत नाही.